मामांचा चहा आणि साडेसातशे डिग्री

ग्रुपवर कुणी असले भुताखेताचे अनुभव टाकले की खाली हसणारा पहिला माणूस मीच. त्यामुळं आज लिहायला जरा लाजच वाटतेय. वडवणीत माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. काळा धूर दिसला तर मी इंजेक्टर खोलतो, लिंबू-मिरची आणायला पळत नाही. तरी जे झालं ते झालं... आणि भरदिवसा झालं.

गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. मामांनी या पिकअपमधून पंधरा वर्षं शेळ्या-मेंढ्या बाजाराला नेल्या. मागच्या वर्षी ते गेले. मामी, म्हणजे सासूबाई, आमच्याकडं राहायला आल्या आणि गाडीही आली. मी लगेच हौस केली – मोठा टर्बो, पंपाला जादा डिझेल. गाडी अशी पळायला लागली की विचारू नका! दोन महिन्यांत पिस्टन वितळला. आतला गॅस लई तापला होता आणि मला पत्ताच नाही. माझी बायको सुनीता तो पिस्टन हातात घेऊन एवढंच म्हणाली, "बाबांनी पंधरा वर्सं चालवली." मेकॅनिक माणसाला अजून काय ऐकायचं राहिलं?

इंजिन पुन्हा बांधलं आणि या वेळी मीटर बसवलं, सायलेन्सरकडं जाणाऱ्या गॅसचं तापमान दाखवणारं. इंजिनपाशी तापमान पकडणारा प्रोब, तिथून वायर, डॅशबोर्डवर सुई. साधं चालताना साडेतीनशे-चारशे. सातशेच्या वर गेली की गुमान थांबायचं.

तेलगावकडून येताना दिंद्रुड लागायच्या जरा आधी डाव्या हाताला पत्र्याचं एक हॉटेल आहे. रस्ता सपाट. पहिल्याच फेरीला, गाडी रिकामी, आणि हॉटेलसमोर सुई साडेसातशेवर! घाबरून बाजूला घेतली. थांबलोच आहे तर चहा घेतला. ग्लास संपेपर्यंत सुई खाली. दुसऱ्या फेरीला तिथंच. तिसऱ्यालाही तिथंच.

हॉटेलवाले काका गाडी ओळखून म्हणाले, "तुमचे मामा बी हितंच थांबायचे. गाडी तापली म्हनायचे, आन च्यात चार चमचे साखर मारायचे. शुगर असून!"

माझी सटकली. प्रोब बदलला. अर्थिंग तपासलं. मीटरच दुसरं टाकलं. शेवटी वायर काढून कप्प्यात ठेवून दिली. सुई शून्यावर. हॉटेल आलं... शून्यावरून थेट साडेसातशे. मी हात जोडले का? हो, जोडले. हसा आता.

घरी सुनीताला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसले. "आईला सांगू नका, रडत बसंल," म्हणाली. नाही सांगितलं.

मग मामींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. अंबाजोगाईला अकराच्या आत पोचायचं होतं. एक तारीख आधीच हुकलेली, ही गेली असती तर पुन्हा महिनाभर थांबा. आणि मामींना ताटातली भाकरीसुद्धा चाचपून घ्यावी लागत होती. जीव तुटायचा बघून. त्यात निघतानाच टायर पंक्चर! दिंद्रुडजवळ आलो तेव्हा पावणेदहा झाले होते.

हॉटेल दिसलं आणि सुई उठली. वायर तर काढलेलीच, म्हणजे खोटंच दाखवतंय... पण खरंच तापलं असलं तर? आजवर एकदाही न थांबता पुढं गेलो नव्हतो. इंजिन इथंच बसलं तर कसलं ऑपरेशन! पाचशे... सहाशे... साडेसातशे. सुनीतानं माझा दंड घट्ट धरला. माझा पाय ब्रेकवर गेला.

तेवढ्यात मामी, ज्यांना मीटर सोडा, रस्तासुद्धा दिसत नव्हता, सरळ समोर बघत म्हणाल्या, "आवं, आज ऱ्हाऊ द्या च्या. माझ्या डोळ्याचं काम हाय. येताना पिऊ."

सुई थबकली. मग उतरली. सहाशे, तीनशे, शून्य.

"मामी... कुनाशी बोलायलाव?"

"तुमच्या मामांशी. भज्याचा वास आला, म्हनलं ह्यांचा थांबा आला. कावून, काय झालं?"

सुनीतानंच रडत-हसत सगळं सांगून टाकलं. मामी पदर डोळ्याला लावत फणकारल्या, "बगा! चाळीस वर्सं संसार केला. जित्तेपनी एकदा तरी ऐकलं का माझं?"

अकराला दहा कमी असताना पोचलो. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी येताना तर हॉटेल अर्धा किलोमीटर लांब असतानाच सुई चढायला लागली. थांबलो की! शब्द दिला होता मामींनी.

आता गाडीत दोन मीटर आहेत. नवं मीटर वायर जोडून, त्या हॉटेलसमोर ते साडेतीनशेवर निवांत असतं. जुनं तसंच, बिनवायरचं. गॅरेजवर दोस्त विचारतात, "दोन कावून बे?" मी सांगतो, "एक इंजिनचं, एक सासऱ्याचं." याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. वायरिंगमधल्या जाणकारांनी जरूर सांगावं, पण आधी एकदा माझ्यासोबत दिंद्रुडपर्यंत यावं.

मामींना आता लख्ख दिसतं. गाडीत हट्टानं मीटरपाशीच बसतात. हॉटेल जवळ आलं, जुनी सुई चढली, की बोट रोखून दम देतात, "एकच चमचा साखर! शुगर हाय तुमाला."

आणि सुई... नाराजीनं का होईना, पन्नास डिग्री खाली येते.