अण्णांनी माझी बाईक कच्छसाठी तयार केली, त्याची गोष्ट

अण्णा आज सकाळी गेले.

माझी डर्ट बाईक त्यांनी तयार केली होती.
फक्त एकदाच हातात पाना घेऊन.

सहा वर्षांपूर्वी मी ती सेकंडहँड घेतली. बेंगळुरू ते कच्छ, जमेल तितकं कच्च्या रस्त्यानं, एकटीनं जायचं असं डोक्यात होतं.
बाईक कसली, सांगाडा. एवढीशी टाकी, फळीसारखी सीट, सामान बांधायला जागाच नाही.

ऑफिसमधल्या एकानं बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या अण्णांचं नाव सांगितलं. कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. घरामागच्या शेडमध्ये लांबच्या राइडसाठी गाड्या तयार करून द्यायचे.

मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. ते हसले.
"मराठीत बोल की गं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच आहे."

मग म्हणाले, "मी सांगणार. करायचं तू."

तीन महिने दर रविवारी मी मारतहळ्ळीच्या माझ्या घरून त्यांच्याकडे जायचे.
मोठी टाकी बसवली. इंजिनाखाली जाड पत्रा. सीटला फोम. चाकांचे बेअरिंग नवे.
सगळं मी केलं. अण्णा स्टुलावर बसून, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, फक्त बोलायचे.

ऑफिसात मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. 'आळशी मास्तर' म्हणायचे.

सगळ्यात जास्त छळलं मागच्या टायरनं.
"तिकडं बाभळीचे काटे फार. ट्यूब तुला एकटीला बदलता आली पाहिजे."

पहिल्यांदा दोन तास लागले. रिमवर टायर चढवताना नवी ट्यूब चिमटून फाटली.
"सरी, ठीक आहे. परत काढ."

चौथ्यांदा फाटली तेव्हा मी रडले.
"अण्णा, एकदा तरी करून दाखवा ना!"

अण्णा उठून घरात गेले.

थोड्या वेळानं त्यांच्या पत्नी, अक्का, चहा घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या,
"त्यांचे हात थरथरतात गं. दोन वर्षं झाली. पाना धरवत नाही. कुणाला सांगू देत नाहीत."

चहा बाजूला ठेवून मी परत टायर काढायला घेतला.

शेवटच्या रविवारी मीच पाना पुढे केला.
"मागच्या चाकाचा नट तुम्ही आवळा, अण्णा. प्लीज."

त्यांनी अक्कांकडे बघितलं. मग पाना घेतला.
नटावर तो नुसता टकटक वाजत होता, बसेना. आम्ही तिघंही तो आवाज ऐकत होतो.
शेवटी दोन्ही हातांनी दाबून त्यांनी आवळला. कपाळ घामानं भिजलं होतं.

"आता तू तपास."

मी पाना लावला. नट अजून पाव वळसा फिरला.

"एकदम टाइट आहे, अण्णा."

"खोटं बोलू नको. फिरला तो, मी बघितलं." आवाज चढला नव्हता. "माझा मान राखत बसलीस तर चाक निघून पडेल. आवळ."

मी आवळला.

"हां. आता जा."

कच्छात दोन पंक्चर झाली. दुसरं भर दुपारी, चहूकडे माणूस नाही. चाक काढलं, ट्यूब बदलली, निघाले.

पुढच्या गावात नेटवर्क आल्यावर फोन केला.
"अण्णा, जमलं!"
"ट्यूब चिमटली?"
"नाही."

ते फोन ठेवायला विसरले.
"अगं, ऐकलंस का? जमलं तिला!" अक्कांना सांगितलं. मग कुंपणावरून शेजाऱ्यांना, कन्नडमध्ये, सगळी गोष्ट पहिल्यापासून. किती वेळा ट्यूब फाटली तेसुद्धा.

मी उन्हात उभी राहून सगळं ऐकलं. कॉल कट केला नाही.

त्यानंतर अण्णांनी हात लपवायचं सोडून दिलं. जो येईल त्याला आधीच सांगायचे, "माझे हात चालत नाहीत, तुझे चालव."

आज दुपारी बोम्मसंद्र्यात त्यांना निरोप दिला. अंगणात आम्ही बरेच जण होतो, सगळे त्यांच्याकडे शिकलेले. आपापली गाडी उघडून परत जोडता येणारे.

अण्णा, तुम्हाला मी 'आळशी मास्तर' म्हणायचे हे कधी सांगायचा धीर झाला नाही. माफ करा.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.