बाबली चिंदरकरांच्या गाडीचं विद्युतीकरण

आमच्या नांदगावात बाबली चिंदरकरांना ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत असाही नाही. छत्तीस वर्षं ते लाइनमन होते. पावसात फणसाची फांदी तारेवर पडायची, गाव अंधारात जायचं आणि पन्नास घरांत एकाच वेळी बाबलींचा उद्धार व्हायचा. वीज परत आली की मात्र त्यांचं नाव कुणी काढत नसे. लोक टीव्ही लावायला पळत.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर काजूची कलमं बघत गप्प बसावं. बाबलींनी देवाला शब्द दिला.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी त्यांनी गणपतीच्या पाटाभोवती आपल्या नातीची, गौरजाची, खेळण्यातली गाडी लावली. एकात एक अडकवायचे निळ्या प्लास्टिकचे रूळ आणि इंजिनाच्या पोटात तीन पेन्सिल सेल. आमच्याकडे आरत्या म्हणजे पाच मिनिटांचं काम नव्हे; मृदंग तापायलाच दोन आरत्या लागतात. चौथ्या आरतीला गाडी धापा टाकू लागली आणि पाचवीला उंदराजवळ कायमची थांबली. नेमके तिथेच बसले होते बाबलींचे व्याही, पिंगुळीचे भिकाजी गावडे. हे रेल्वेतून पॉइंट्समन म्हणून, म्हणजे रूळ बदलून गाड्यांना झेंडी दाखवत, निवृत्त झालेले. टाळ्या न थांबवता ते म्हणाले, "व्याहीनू, तुमच्या गाडयेक क्रॉसिंग लागला काय?"

एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट बघत तासन्‌तास बसलेली माणसं आम्ही. सगळी ओटी हसली.

आरतीनंतर घरच्या कर्त्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. कर्ता एकेक मागणं मागतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतात. बाबलींनी पोराबाळांचं मागितलं, गुरांचं मागितलं, भाताचं मागितलं आणि कानशिलं अजून तापलेलीच असल्यामुळे शेवटी जोडून टाकलं, "आणि फुडल्या वर्सा आरत्यो संपासर ही गाडी थांबाची नाय."

पस्तीस माणसं सवयीने एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" त्यात भिकाजींचा आवाज सगळ्यांत मोठा.

शब्द गेला, तोही साक्षीदारांसकट. गाऱ्हाण्यात गाडी आणल्याबद्दल त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई आठवडाभर त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.

बाबलींनी आधी मोठे सेल बांधून पाहिले, तर इंजिन त्या ओझ्याने उठेना. मग एकदा ते सुनेला, रसिकाला, आणायला स्टेशनवर गेले. विजेवरचं इंजिन समोर येऊन थांबलं आणि जन्मभर तारा ओढलेला हा माणूस वर तारेकडे बघतच राहिला. रसिका दोन पिशव्या घेऊन शेजारी उभी आहे हे त्यांना गाडी निघून गेल्यावर कळलं. पण तोवर गणित सुटलं होतं. इंजिनाने आपली शिदोरी पाठीवर कशाला वाहायची? रुळातूनच वाढायचं.

प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे बाबलींना कुणी सांगायला नको. रसिकाने मोबाइलवरून तांब्याची चिकट पट्टी मागवली. बाबलींनी ती दोन्ही रुळांवर डोहाळजेवणाची वाडी भरावी तशी हौसेने चिकटवली. रुळांचे तुकडे चोवीस, आणि प्रत्येक सांध्यावर वीज अडायची. म्हणून प्रत्येक सांध्याखाली वायरीचा इवलासा पूल घालून कथिलाचा डाग दिला. इंजिनातले सेल काढले आणि मोटारीच्या दोन वायरींना भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे दोन झुपके बांधले, एक या रुळावर घासत जाईल, दुसरा त्या. वीज मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून. घासणी नवी होती. सत्यवतीबाई ती दोन दिवस शोधत होत्या.

आषाढात गाडी झकास पळाली. श्रावणाच्या दमट हवेत ती उचक्या देऊ लागली. बाबली मीटर घेऊन चोवीस सांधे चोवीस वेळा तपासत बसले, पण दोष सापडेना. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीसाठी रानफळं आणायला गेले. परत येऊन बघतात तर समया, ताम्हन आणि पळीच्या रांगेत त्यांचे रूळही आमसुलाने घासून, धुऊन, पुसून वाळत घातलेले.

बाबलींनी रानफळांची पिशवी तिथेच खाली टाकली.

"देवाच्या फुड्यात काळो तांबो ठेवतास?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "माणसां माका नावां ठेवतली, तुमका नाय."

बाबलींनी रूळ जोडले, चार्जर लावला आणि गाडी अशी सुटली की पहिल्याच वळणावर उलटली. तांब्यावर चढलेला काळा थर वीज अडवत होता, हे छत्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला बायकोच्या आमसुलाने शिकवलं. त्यांनी तसं कबूल वगैरे केलं नाही. बाजारातून दोन नव्या घासण्या आणून मोरीत ठेवल्या.

चतुर्थीला दुपारी भिकाजी आले ते थेट रुळांशीच बसले. वाकून इंजिनाच्या पोटात बघितलं, चष्मा लावून सांधे बघितले, आणि काहीच बोलले नाहीत. भिकाजी बोलत नाहीत म्हणजे कौतुक, हे ठाऊक असल्याने बाबली दोन इंच उंच झाले. पाचवी आरती गेली, सातवी गेली, गाडी फिरत होती. नवव्या आरतीला पंखा मंदावला, माळा विझल्या आणि गाडी पाटामागे थांबली. वीज गेली.

भाद्रपदात वीज जाते, हे अख्ख्या गावात ज्याला आधी सुचायला हवं, तो एकटाच ते विसरला होता. सवयीने त्यांनी चार्जरचं बटण तेवढं बंद केलं. आरती समईच्या उजेडात चालूच राहिली, पण पस्तीस माणसं बाबलींकडे बघत होती. देवाला दिलेला शब्द आणि अजून तीन आरत्या बाकी.

भिकाजी गुडघ्यांवर सरकत पाटामागे गेले आणि शेवटच्या डब्याला एक बोट लावून त्यांनी गाडी पुढे ढकलली.

"थांबाची नाय म्हटलास ना? मगे बघतास काय? तुमी त्या वळणार बसा."

बाबली वळणावर बसले. अर्धी फेरी भिकाजींची, अर्धी बाबलींची. चाकं कुरकुरत होती, पण गाडी चालत होती. आपल्या हद्दीतून गाडी सुटली की भिकाजी डावा हात असा उंच धरायचे, जणू त्यात हिरवी झेंडी आहे. निवृत्तीला आठ वर्षं झाली होती. इतक्या दिवसांत त्यांनी कुठलीच गाडी पुढे धाडली नव्हती. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यांनी तो पुसला नाही.

अकराव्या आरतीच्या मध्यावर पंखा गरगरला, माळा लागल्या. बाबलींचा हात चार्जरच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात पाटामागून भिकाजींचा डावा हात वर आला. बाबलींनी आपला हात मागे घेतला.

"आवो, बटण," टाळ्या वाजवता वाजवता सत्यवतीबाई पुटपुटल्या.

"रव गो," बाबली म्हणाले. "पावण्यांची ड्युटी अजून संपाक नाय."

आणि वळणावर आलेली गाडी त्यांनी बोटाने अलगद पुढे नेली.