आधी कडं, मग सोडियम

माणिकराव बिरादार सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते संतपूरच्या मराठी शाळेत, नववीच्या वर्गात. सरांनी फळ्यावर खडूचा एक ठिपका काढला आणि विचारलं, “हे अणूचं केंद्रक. आता सांगा, इलेक्ट्रॉन कुठं काढू?” आमचा अंदाज फळ्याच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. सर हसले. खिडकीतून फाटकापलीकडचं सोयाबीन दाखवून म्हणाले, “तिथं. आन् मधे काही न्हाई.” घरी जाताना मी पायवाटेवर जपून पाय ठेवत होते. इतकं पोकळ जग आपल्याला पेलतं तरी कसं, या आश्चर्यातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही. आज कलबुर्गीच्या कॉलेजात मी तोच धडा शिकवते, तरीही.

सरांची प्रयोगशाळा भंगारातून उभी राहिली होती. जुन्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर, एक बॅटरी आणि मुगाएवढा लाल दिवा, एवढ्यावर त्यांनी एक पेटी केली होती. तिच्या दोन तारा टोकाच्या दोघांनी धरायच्या, बाकीच्यांनी एकमेकांचे हात. हातांचं हे कडं जुळलं की दिवा लागायचा. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, पण अंगातून वीज नेतात ते मिठासारख्या क्षारांचे भारित कण. त्यांतला सोडियम आपला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो, हे सर बजावून सांगत. सोपं करण्याच्या नादात खोटं शिकवायचं नाही, हा त्यांचा बाणा.

मुलांचं कडं झालं, दिवा लागला. मुलींचं झालं, लागेना. माझ्या शेजारी शिवलीला होती. तिनं ओढणीचं टोक तळहाताला गुंडाळून माझा हात धरला होता. आमचं घर बौद्ध वस्तीतलं. तिला घरून काय बजावलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मुलं हसायला लागली. सरांना ओढणी दिसलीच असणार, पण ते एवढंच म्हणाले, “कुठं तरी तुटलंय. जुळल्यावर पुढं शिकू.”

मग रोज तासाला आधी कडं, आणि रोज दिवा विझलेलाच. पोर्शन मागे पडला. हेडमास्तर दारात येऊन चार शब्द सुनावून गेले. मुलींच्या नजरा माझ्याकडे वळू लागल्या आणि मला शाळाच नकोशी झाली. शेवटी मी सरांना गाठलं.

“सर, मी बाजूला होते. दिवा लागंल.”

“व्हय, लागंल की. पण तसला दिवा मला नको. सुजाता, इलेक्ट्रॉन चांदणीतला असू दे न्हाई तर नालीतला, एकावर बी खूण नसती. कोणता कुठला, हे कुठलंच यंत्र सांगू शकत न्हाई. एवढं अचाट मी शिकवायलोय. ते या वर्गातच कुणाला पटंना, तर मी शिकवायलोय कामून?”

त्यांचा आवाज कापत होता. एवढ्या मोठ्या माणसालाही हरायची भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं. वह्या घेऊन आलेली शिवलीला दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढणी पाठीवर टाकली आणि माझा हात धरला. तिचा तळवा घामानं चिंब होता, माझाही. दिवा लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी चष्मा पुसला, फळ्याकडे वळले आणि म्हणाले, “हं. आता सोडियम.”

त्या तासाला ही शाळा मला माझी वाटली. सरांनी शिवलीलालाही कधी एका शब्दानं दुखावलं नाही. ती आता नौबादला असते. सरांच्या पंचाहत्तरीच्या या लेखात तुझं नाव घालू का, असं परवा विचारलं, तेव्हा तिनं इतक्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या दिवशी घरी कळल्यावर तिला अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं होतं.

“मंग गं?” मी विचारलं.

“मंग काय? दुसऱ्या दिवशी परत धरला की तुझा हात.”

सर, पंचाहत्तरीच्या या टप्प्यावर आपल्याला काय द्यावं, हे आम्हा दोघींनाही सुचलं नाही. आपली प्रकृती ठणठणीत राहो आणि आपण शंभरी पाहावी, एवढंच आम्ही दोघी मिळून मागतो.