गुडघ्याची गोळी, पायाची गोळी

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी मी डी.फार्म.ला नाव घातलं. बारावी सायन्स करून, लग्न होऊन कुंभिवलीत येऊन बरीच वर्षं झाली होती. पुस्तकातलं आता काही डोक्यात शिरेल असं मला वाटत नव्हतं. हट्ट धरला तो आईंनी. आई म्हणजे माझ्या सासूबाई. "पोरीला मी बघते. तू जा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या भाकऱ्या त्यांनी स्वतःकडे घेतल्या.

आमचे हे खालापूरजवळच्या कंपनीत पाळीवर जातात. घरची भातशेती आईंच्याच जिवावर चाललेली. आयुष्यभर चिखलात वाकून लावणी केल्यामुळे त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. खाली बसल्या की उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या, आणि उठल्यावर क्षणभर तशाच उभ्या राहायच्या, जणू पायांची परवानगी घेतायत. मी बघतेय हे लक्षात आलं की लगेच चालायला लागायच्या.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात वेदनाशामकांचा धडा आला आणि मी अडकले. सरांनी वर्गात सांगितलं होतं, "सूज आणि दुखणं कमी करणारी, पण स्टेरॉइड नसलेली औषधं. घराघरात असतात, म्हणून त्यांना कोणी घाबरत नाही." मग त्यांनी फळा भरून वर्गीकरण लिहिलं. कोण कुठल्या रासायनिक गटातलं, कोण शरीरातल्या कुठल्या एन्झाइमला अडवतं, कोण दोघांना अडवतं, कोण एकालाच. कॉलेजच्या चाचणीत मी आयबुप्रोफेनला एका भलत्याच गटात बसवलं आणि मेलॉक्सिकॅमला कुठेच बसवलं नाही. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, आता पुरे. घरी बसावं.

तेव्हा थंडीचे दिवस होते. भात काढून झालं होतं. रविवारी आई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या, बिरड्याची उसळ करायची होती. मीही एक ताट घेऊन बसले. हात चालू होते आणि ओठही.

"काय पुटपुटतेस गं?"

"पाठ करतेय. होत नाही."

"मोठ्यानं म्हण. मी आयकते."

मी म्हणायला लागले. सॅलिसिलेटमध्ये ॲस्पिरिन. प्रोपिऑनिक ॲसिडवाल्यांत आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, किटोप्रोफेन. ॲसेटिक ॲसिडवाल्यांत इंडोमेथासिन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक. मग मेफेनॅमिक ॲसिड, मग पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम, आणि शेवटी सेलेकॉक्सिब, इटोरिकॉक्सिब.

आई वाल सोलायच्या थांबल्या. "ही नावं हायत का शिव्या?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी त्या धड्यावर हसले असेन.

"परत म्हण. हळू."

मी परत म्हटलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "ते प्रोफेन प्रोफेनवाले येका भावकीतले. फेनॅकवाले दुसऱ्या. ते कॅमवाले तिसऱ्या. हाय का नाय?"

"आहे."

"मंग कठीण काय त्यात? आपल्या गावातली घरं तुला पाठ हायत ना? कोण कोणाचा चुलता, कोणाची सून कुठली. तसंच."

मी सांगितलं की सगळ्या भावक्या मिळून काम मात्र एकच करतात, आणि पॅरासिटामॉल यांच्याबरोबर लिहितात खरं, पण ते ताप आणि दुखणं कमी करतं, सूज फारशी उतरवत नाही, म्हणून त्याला जरा बाजूला ठेवतात.

"म्हंजे भाडेकरू," आई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या मला म्हणायला लावायच्या. त्या तांदूळ निवडायच्या, मुलगी आमच्या मध्ये बसून खेळायची. मुलीला 'इंडोमेथासिन' हा शब्द फार आवडला. ती तो तिच्या बाहुलीला म्हणायची. एकदा आईंनी विचारलं, "ही औषधं येवढी चांगली, तर तुमचे सर घाबरायचं का म्हणतात?" मी त्यांना समजावलं. शरीरात कॉक्स नावाचे दोन एन्झाइम आहेत. एक सूज आल्यावर कामाला लागतो. दुसरा रोजच पोटाचं अस्तर सांभाळतो, मूत्रपिंडाला रक्त नीट मिळू देतो. पुष्कळशा गोळ्या पहिल्याला अडवताना दुसऱ्यालाही अडवतात.

"सूज मारायला गेले आन् पोटाचा राखणदारपण मारला," आई म्हणाल्या. "आन् ते शेवटचे, कॉक्सिबवाले?"

"ते राखणदाराला बरंचसं सोडून देतात. पण त्यांचा त्रास हृदयाला होऊ शकतो."

"मंग बिनत्रासाचा कोण?"

"कोणीच नाही, आई."

त्यांना हे उत्तर पटलं. गोळ्यांनाही दोन बाजू असणार हे त्यांनी अगदी सहज मान्य केलं. त्यांच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पूर्वी दिलेली गोळी होती, तीच त्या लागेल तशी घ्यायच्या. मी पाकीट बघितलं, डायक्लोफेनॅक होतं. "हे फेनॅकवाल्यांतलं. जेवल्यावरच घ्या, रोज नको," मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

परीक्षा जवळ आली तशी मी सकाळी लवकर कॉलेजला निघायचे आणि उशिरा यायचे. त्याच आठवड्यांत एका दुपारी आई शेताच्या बांधावरून घसरल्या आणि पाय मुरगळला. शेजारच्या काकूंनी त्यांना हायवेवरच्या एका दवाखान्यात नेलं. सूज आलेली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मी घरी आले तेव्हा त्या पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लचकलाय थोडा. तू तुझं वाच."

मी वाचलं.

मग हळूहळू त्या जेवण कमी करायला लागल्या. पित्त झालंय म्हणायच्या, कोकमाचं पाणी प्यायच्या. ओटीच्या पायऱ्या चढून आल्या की बसायच्या आणि धापा टाकायच्या. उन्हाळा सुरू झाला होता, आम्हाला वाटलं उन्हानं असेल. ह्यांनी विचारलं, "आई, दवाखान्यात जाऊया का?" तर त्या चिडल्या. "हिची परीक्षा हाय. माझं काय नाय."

परीक्षेआधीची सुट्टी लागली. कितीतरी आठवड्यांनी मी दिवसभर घरी होते. सकाळी आई मोरीतून बाहेर आल्या आणि दाराला धरून खाली बसल्या. चेहरा राखेसारखा झालेला. मी धावले. पाणी दिलं, कपाळ पुसलं.

"बाय," त्या हळूच म्हणाल्या, "कोणाला सांगू नको. पण काल आन् आज... संडासला काळं होतंय गं. रस्त्यावर वततात ना, त्या डांबरासारखं."

मला त्या क्षणी पुस्तकाचं पान दिसलं नाही. सरांचा फळाही दिसला नाही. मी त्यांच्यासमोर खाली बसले. "आई, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

त्यांनी फडताळातला स्टीलचा डबा दाखवला. डब्यात दोन पाकिटं होती. एक मला माहीत असलेलं. दुसरं नवं, वेगळ्या रंगाचं, वर मोठ्या अक्षरात वेगळंच नाव. त्या नावाखाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: ॲसिक्लोफेनॅक.

"दोन्ही घेत होतात?"

"हां. ती गुडघ्याची, ही पायाची."

"रोज?"

"सकाळी उठल्या उठल्या. चाबरोबर. कामाला लागायच्या आधी."

मी पाकीट त्यांच्यासमोर धरलं. "आई, दोन्ही फेनॅक आहेत. एकाच घरचे."

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला इंग्लिश कुठं वाचता येतंय गं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. उलट मलाच धीर द्यावा तसं त्या म्हणाल्या.

हे पाळीवर होते. मी काकूंच्या मुलाला हाक मारली. त्याचा टेंपो दारातच उभा होता. मागच्या बाजूला गादी टाकली, आईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही खोपोलीच्या एका दवाखान्यात पोचलो. वाटेत घाट उतरणारे ट्रक, कंटेनर, सगळीकडे कोंडी. तो पोरगा हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आई मात्र डोळे मिटून म्हणाल्या, "सावकाश रं. मी काय कुठं जात नाय."

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या घेतात का?"

मी दोन्ही पाकिटं पुढे केली. म्हटलं, डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक, दोन्ही एकदम, उपाशीपोटी, पाय मुरगळल्यापासून. शौचाला काळं होतंय, कालपासून.

त्यांनी वर बघितलं. "शिकताय का?"

"फार्मसी."

"बरं झालं. नाहीतर आम्हाला हे शोधायला वेळ गेला असता."

बाकी सगळं भराभर झालं. सलाईन, रक्ताची तपासणी, रक्त चढवणं. मग घशातून दुर्बीण घालून त्यांनी पोट बघितलं. व्रण झाला होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं, तेच काळं पडून शौचाला येत होतं. दुर्बिणीतूनच त्यांनी ते थांबवलं. हे पाळीवरून थेट तिथे आले, कंपनीचे बूट तसेच पायात. डॉक्टरबाई त्यांना म्हणाल्या, "वेळेत आणलंत. आणखी दोन दिवस घरी राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं." हे आईंच्या पायाशी जाऊन त्यांच्या तळव्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्या बाईंचे आभार मी तेव्हा नीट मानले नाहीत. नंतर मिठाई घेऊन गेले तर त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. मिठाई नर्सताईंना दिली. त्यांचाही तेवढाच हक्क होता, आईंची वेणी रोज त्याच घालायच्या.

दुसऱ्या दिवशी आईंना बोलता यायला लागलं, आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "पुस्तक आणलंस का?"

"आई, राहू दे आता."

"राहू दे काय? म्हण."

मी खाटेच्या कडेला बसून म्हणायला लागले. सॅलिसिलेट, प्रोपिऑनिक, ॲसेटिक. आई डोळे मिटून हात जोडल्यासारखे छातीवर ठेवून ऐकत होत्या. पलीकडच्या खाटेवर लोधिवलीच्या एक म्हातारबाई होत्या. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि मग आपल्या मुलीला म्हणाल्या, "बघ, सासूसाठी पोथी वाचतेय. तुमी वाचता का कधी?" आईंना हसू आलं, आणि हसताना पोट दुखलं, म्हणून त्यांनी मलाच दटावलं.

परीक्षा झाली. औषधशास्त्राच्या पेपरात वेदनाशामकांचं वर्गीकरण आलंच नाही. घरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा आई खरोखर रागावल्या. "येवढं पाठ केलं आन् इचारलं नाय? कोण काढतो तो पेपर?" ह्यांनी त्यांची कशीबशी समजूत घातली. पण मी पास झाले, आणि आज चौक गावातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. नाव नोंदलेली फार्मासिस्ट. पांढरा कोट आहे, तो आई स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत.

आईंना आता त्या सगळ्या भावक्यांतली एकही गोळी चालत नाही. गुडघ्यांना व्यायाम शिकवलाय, तो त्या ओटीवर बसून करतात आणि येणाऱ्या जाणाऱ्याला करून दाखवतात. फारच दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. ते हातात घेताना म्हणतात, "भाडेकरूच शेवटी उपयोगाला आला."

माझं माहेर माथेरानच्या पायथ्याचं. वडील तिथल्या हॉटेलात कामाला होते. आईंनी तो डोंगर जन्मभर खालून बघितला होता, वर कधी गेल्या नव्हत्या. माझा निकाल लागल्यावर आम्ही तिघी, आई, मी आणि मुलगी, वर गेलो. गाड्या थांबतात तिथून पुढे चालणं आईंना जमणार नव्हतं, म्हणून हातरिक्षा केली. एक माणूस पुढून ओढणार, एक मागून ढकलणार. आई अंग चोरून बसल्या. कोणी आपलं ओझं वाहतंय याची त्यांना सवयच नव्हती. मी मुलीचा हात धरून बाजूने चालत होते.

लाल मातीचा चढ आला तसा पुढचा माणूस थांबला, कमरेवर हात ठेवून ताठ झाला. आई लगेच पुढे झुकल्या.

"कंबर दुखती का रं?"

"सवय हाय, मावशी."

"गोळ्या खातोस?"

"खातो की. येक सकाळी, येक रातीला. दुखलं की मंग आणखी येक."

आईंनी मला हाक मारली. "बाय, इकडं ये. ह्याला इचार कुठल्या."

मी विचारलं. त्याने खिशातून दुमडलेलं पाकीट काढून दाखवलं. मी वाचून सांगितलं, पोटाचं सांगितलं, जेवणानंतरचं सांगितलं, काळं झालं तर लगेच दवाखान्यात जा हेही सांगितलं. मागचा माणूसही पुढे येऊन ऐकायला लागला. आई वर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. माझं बोलून झालं तेव्हा त्या हळूच खाली उतरल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या माणसांना म्हणाल्या, "ह्यो चढ मी चालते. तुमी रिकामी न्या."

आणि चालल्या. सावकाश, मध्ये मध्ये थांबत, झाडांच्या सावलीतून.