बूथमधला साहेब

कोऱ्हाळ्याच्या एसटी थांब्याजवळ आबांचं टेलिफोन बूथ होतं. आत दत्ताच्या तसबिरीशेजारी अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटरवाल्या उद्योगपतीचा पेपरातला फोटो, चक्क काचेत घालून लावलेला. फोनसुद्धा ह्यानंच काढला, अशी आबांची पक्की समजूत. मी शाळेतला मास्तर, पण ती मोडायचं माझ्या जिवावर यायचं.

"गुरुजी, ह्या मानसानं जगाचं भलं केलं बघा," असं ते रोज म्हणायचे. कुणाचा फोन आला, की धोतराचा सोगा हातात धरून स्वतःच बोलवायला पळायचे.

एकदा मी तिथंच असताना इंदापूरहून फोन आला. समोर गिरणीत दळण घेऊन बसलेल्या पारूबाईंचा भाऊ गेला होता. आबांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात बाई धावत आल्या.

"माझा फोन हाय का, आबा?"

"व्हय, पर लाइन तुटली. तुझा भाऊ जरा आजारी हाय म्हनं. घरी जा, दोन घास खा. मी येतो तुझ्यासंगं."

बूथला कुलूप लावून ते तिच्याबरोबर एसटीनं इंदापूरला गेले. खरं काय ते तिथं घराच्या उंबऱ्याशी, तिचा हात धरून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आबा खांद्यावरच्या टॉवेलनं साहेबाची काच पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"गुरुजी, ह्याच्या घरचं कुनी गेलं, तर ह्याला फोनवरच सांगत आसतील का वो?"