एका घोड्यामागं किती किलो

डिसेंबरचं धुकं नेरच्या रस्त्यावरून अजून उठलं नव्हतं. जिनिंगच्या वजनकाट्याची लोखंडी प्लेट दवानं ओलीचिंब होती. धम्मरत्ननं ती गोणपाटानं पुसली, कडेच्या फटीत अडकलेली सरकी काडीनं उकरून काढली आणि खोलीत येऊन मशीन चालू केलं. लाल आकडे जरा नाचले, मग शून्यावर थांबले. बाहेर सहा टेम्पो रांगेत उभे होते. मागच्या वर्षी याच वेळेला वीस असत. गुलाबी बोंडअळीनं यंदा बोंडं आतून पोखरली होती. आलेला कापूस पिवळट होता आणि हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटत नव्हतं.

धम्मरत्नचा बाप उकंडा याच जिनिंगात हमाल होता. पोरगा बारावी सायन्स झाला म्हणून त्याच्या पाठीवर कापसाची गठाण आली नाही, काट्याची खुर्ची आली. एकोणीस वर्षं झाली. नेर, दारव्हा, पार बोरी अरबपर्यंतचे लोक म्हणायचे, काटा कोणाचाही असो, वर धम्मरत्न बसला असला की डोळे मिटून चिठ्ठी घ्या. ही एवढीच त्याची कमाई.

आणि एक नाद होता, गाड्यांचा. स्वतःला कार चालवता येत नव्हती. पण यवतमाळला गेला की शोरूममधून माहितीपत्रकं आणायचा, वहीत उतरवून घ्यायचा. वजन, घोडे म्हणजे हॉर्सपॉवर, किंमत. काट्यावर कोणाची कार आली की फुकटात तोलायचा. कंपनीचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळला की दिवसभर खुशीत. नवी गाडी घेणारे मुद्दाम त्याला विचारायला यायचे. तो सांगायचा, "घोडे किती हे कायले पाह्यता? एका घोड्यामागं किती किलो बसते थे पाहा. अन् तेवढ्यासाठी खिशातून किती जाते थे."

दिवाळीनंतर जिनिंगच्या शेठनं बोलावलेला एक मिस्त्री येऊन काट्याचं मशीन उघडून गेला. चार दिवसांनी डॉक्टरांची कार आली. कंपनीचं वजन बाराशे, काट्यावर अकराशे पासष्ट. टाकी रिकामी असेल, धम्मरत्नला वाटलं. मग हेडमास्तरांची तोलली, तीही तशीच. त्यानं शेठच्या कानावर घातलं. शेठ कागदावरून मान वर न करता म्हणाले, "गाड्यांचा नाद घरी ठेव. काटा कापसाचा आहे." धम्मरत्न समजला. त्या दिवसापासून त्यानं कार तोलणं बंद केलं.

अकराच्या सुमारास रांग मोडून दोन कार आत आल्या. पुढच्या लाल कारमधून शेठचा मुलगा सलील उतरला, मागच्या काळीतून अमरावतीचा त्याचा दोस्त अतुल.

"काका, फैसला करा आमचा," सलील म्हणाला. "तुमच्याच सांगण्यावरून मी ही घेतली ना? शंभर घोडे, साडेआठ लाख. हा म्हणतो, खेळणं आहे."

"खेळणंच आहे बे," अतुल हसला. "माझी एकशे चाळीस घोड्यांची आहे."

"अन् बारा लाखांची. वर जाडी किती."

"तोलायले कायले पाह्यजे?" धम्मरत्न घाईनं म्हणाला. "तोंडीच सांगतो. तुमच्या गाडीत घोड्यामागं साडेनऊ किलो, याह्यच्या गाडीत आठच्या थोडं वर. किलोभराच्या फरकासाठी याह्यनं साडेतीन लाख जास्त देले. थे ज्याच्या त्याच्या हौशेवर आहे."

"नाही काका, आकडा पाहिजे. टाक्या आत्ताच पंपावर फुल केल्या दोघांनी."

लाल कार प्लेटवर चढली. सलील उतरून बाजूला झाला. खोलीवरच्या मोठ्या पाटीवर साऱ्या रांगेला दिसेल असा आकडा उमटला: ९२०.

"पाहिलं?" सलील म्हणाला. "कंपनी साडेनऊशे म्हणते. माझी तीस किलो हलकी निघाली."

मग काळी कार चढली. अकराशे सत्तर असायला हवे होते. आले ११३५.

अतुलनं मोबाइल काढला, बोटं चालवली आणि थांबला. "अबे सलील, दोन्ही गाड्या शंभराला तीन किलोनं कमी भरल्या. गाड्या नाही हलक्या. तुमचा काटा हलका आहे."

त्याला ते मोठ्यानं बोलायचं नव्हतं. पण पहिल्या टेम्पोपाशी डोमाजी बिडी ओढत उभा होता, त्यानं बिडी टाकली. "म्हंजे, कारचं वजन कंपनी छापते. आमच्या कापसाचं कोण छापते?"

रांगेतली माणसं खिडकीपाशी सरकली. सगळ्यांत पुढे तुळसाबाई होती, धम्मरत्नच्या गावची. तिचा टेम्पो सकाळी भरलेला तोलला होता, आता रिकामा तोलायचा होता. तिनं गजांना धरून आत पाह्यलं.

"धम्मा, काहून रे बाबू? आमचा कापूसबी असाच भरून राह्यला का?"

सलील जमिनीकडे बघत होता. धम्मरत्नची मुलगी पायल यवतमाळला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. त्याच्या डोळ्यांपुढून ते जाऊन आलं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आज हो म्हटलं असतं तर बाईनं पुढचं विचारलं असतं, तुले कधीपासून ठाऊक होतं? त्याचं उत्तर त्याच्यापाशी होतं. दीड महिना.

"मावशी," तो म्हणाला, "हा साठ टनाचा काटा आहे. एवढ्याशा गाडीले त्याचा भरोसा नाही. मोठ्या वजनाले बरोबर चालते."

"असं होय?"

"असं होते का कुठी?" डोमाजी म्हणाला.

तुळसाबाई त्याच्यावरच उखडली. "तुले लय समजते. धम्मा सांगून राह्यला न? एकोणीस वर्सात एका किलोचं कोणी बोट दाखवलं त्याच्याकडे?"

डोमाजी आपल्या टेम्पोकडे वळला. रांग मागे सरली. कोणी हसलं नाही, कोणी भांडलंही नाही. विश्वास बसला म्हणून ते मागे गेले, हे धम्मरत्नला खिडकीतून स्पष्ट दिसत होतं.

सलील आत डोकावून हळूच म्हणाला, "बाबांना सांगतो मी, काका."

"सांगू नका काही."

अतुल दारात रेंगाळला होता. "मग काका, आमचा हिशोब करताना वजन कोणतं धरायचं?"

"कंपनीचं धरा," धम्मरत्न म्हणाला. "थे खरं आहे."

अतुलनं त्याच्याकडे क्षणभर पाह्यलं आणि आपल्या कारकडे गेला. दोन्ही कार फाटकाबाहेर पडल्या.

तुळसाबाईचा रिकामा टेम्पो प्लेटवर आला. मागचं एक चाक अर्धं बाहेर राहिलं होतं. धम्मरत्ननं खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला खूण केली.

"अजून पुढं घे. पुढं. बस. उतर खाली आता."