वहिनींचा मोगरा आणि बैठकीतला कूलर

समस्त सोयरेधायरे, शेजारीपाजारी आणि ज्यांना ज्यांना नाक आहे अशा सर्वांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, घरात सुवास जपून वापरावा. मोगऱ्यानं माणसाला मळमळू शकतं, हे मी वडवणीत, आमच्याच बैठकीत, ऐन उन्हाळ्यात स्वतःच्या नाकानं भोगलेलं आहे.

माझ्या वहिनींना विकतची उदबत्ती चालत नाही. भुसा जाळल्यागत वास येतो म्हणतात. वास झाडाचाच हवा. म्हणून पेटीतल्या लुगड्यांत दवणा, माठात वाळा, देवापुढं निखाऱ्यावर ऊद. इथवर मीही त्यांचा भक्त. पण पुतणीला बघायला केजचे पाहुणे येणार असं ठरलं आणि वहिनींची नजर कूलरवर गेली. आमचा बैठकीतला कूलर फक्त पाहुण्यांसाठी लागतो. त्याची टाकी भरून त्यांनी आत वाळ्याची जुडी सोडली, वर मरव्याच्या काड्या आणि ओंजळभर मोगरा. येईल तो वारा सुगंधी. कल्पना अगदी राजेशाही.

पाहुण्यांनी तारीख पुढं ढकलली. मग आणखी ढकलली. दर वेळी वहिनींनी टाकीत ताजी फुलं टाकली. जुनी काढली नाहीत, आणि पाणी तर नाहीच नाही. टँकरचा नेम नसताना भरली टाकी ओतून देणारी बाई आमच्या भागात अजून जन्मायची आहे. झाकण बंद, कूलर बंद, आत सगळं निवांत आंबत पडलेलं.

शेवटी मुलगा आणि त्याची आई आली. आधीची स्थळं पुतणीनं एकेक करून परतवली होती. हा मात्र तिला फोटोतच आवडला होता. सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "काका, ह्ये मोडू देऊ नका."

थोरल्या भावानं थाटात बटण दाबलं.

काय सांगू महाराजा! डबक्यात मेलेल्या बेडकीला कुणी गजरा माळावा, तसा तो वास. आधी गोड, मग गुळमट, मग थेट घशात उतरून बसणारा. वर कूलरचे शिंतोडे. एक माझ्या ओठावर पडला. बुळबुळीत होता. मी तो पुसावा की थुंकावा, या विचारात पाहुण्यांकडं बघून हसत राहिलो. मुलाच्या आईनं मर्यादा पाळल्यासारखा पदर नाकावर ओढला तो खाली घेतलाच नाही. मुलगा जमिनीकडं बघत तोंडानं श्वास घेत होता.

कूलर बंद करावा, तर आपल्याच घरात घाण येते हे चारचौघांत कबूल केल्यासारखं. भावाचं नाक तपकिरीनं केव्हाच निकामी झालंय. पाहुणे अवघडलेले दिसले, तसं त्याला वाटलं उकडतंय. त्यानं पंखा आणखी वाढवला. वहिनींनी घाबरून उदाचं धुपाटणं आणलं. आता बेडकीची चिताही पेटली. पोह्यांच्या प्रत्येक घासाला तो वास चिकटून येत होता, आणि मी चावायचं सोडून नुसतं गिळत होतो.

तेवढ्यात पुतणी चहा घेऊन आली. उंबऱ्यातच थबकली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं की मोडत्या सोयरिकीनं, कोण जाणे. मुलाच्या आईनं कप उचललाच नाही. पदराआडून म्हणाल्या, "आमच्यात टापटीप लई लागती." वहिनींचा चेहरा पडला. पुतणीनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

तेव्हा इतका वेळ मान खाली घालून बसलेला मुलगा पुतणीकडं बघून पहिल्यांदाच बोलला, "आई, आपल्याबी कूलरला असाच वास येतोय की!"